विहिरीकडची माती

आमच्यात दहन नसतं. गेल्या श्रावणात शिवकांताला, माझ्या बायकोला, शेतातच माती दिली. गावाची ती अक्का, लेकीची अव्वा. वर कमरेएवढा ढीग झाला. गवंडी हणमंतप्पा तेव्हाच म्हणाला, "माती दबू द्या, मग कट्टा बांधू. घाई केली तर चिरा पडत्यात."

दबणं रोज बघणाऱ्याला दिसत नाही. आज बघा, उद्या बघा, ढीग तेवढाच. दिवाळीला नीट पाहिलं तर गुडघ्याएवढा उरला होता. मला ते सोसलं नाही. अजून खाली गेला की कट्टा होणार, आणि कट्टा झाला की सगळे म्हणणार, झालं. मी विहिरीकडची घमेलंभर माती आणून वर टाकली. मग दर सोमवारी टाकत गेलो.

कट्टा तिनंच मागितला होता. दवाखान्यात म्हणाली होती, "खुरपायला येणाऱ्या बाया बांधावर उन्हात भाकरी खात्यात. माझ्याजवळ त्यांना बसायला कट्टा करा. वर सावली करा." हे रोज आठवायचं. तरी सोमवार आला की घमेलं उचलायचोच.

चैत्रात लेक शिवरंजनी सोलापूरहून आली ती हणमंतप्पाला घेऊन थेट शेतात. त्यानं पहार ढिगात टेकवली. नुसत्या हाताच्या जोरानं निम्मी आत गेली.

"अक्का खाली जायला तयार न्हाईत वाटतं," तो हसला.

"मग चोपून घ्या की," शिवरंजनी म्हणाली. "वर्षाच्या आत झालं पाहिजे."

"चोपलेली माती वरवर घट्ट हुती, ताई. खालची तशीच ऱ्हाती. ती आपली आपण दबावी लागती." त्यानं मूठभर माती उचलून चोळली. "पर ही तर पांढरी हाय. तुमचं रान काळं."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"म्या टाकली," मी म्हणालो. "दर सोमवारी."

"का वो, अप्पा?" गवंड्यानं विचारलं.

"ढीग कमी व्हायला लागला होता."

हणमंतप्पानं पहार पुसली. "आता एक पावसाळा खाऊ द्या तिला. फुडच्या साली बगू. आन् हात लावू नका, अप्पा."

शिवरंजनी रागावली नाही. भुईमुगात खुरपणाऱ्या बायांकडं बघत एवढंच म्हणाली, "म्हणजे अव्वाच्या बाया अजून एक वर्ष उन्हातच."

ती दोघं गेल्यावर मी घरून ताडपत्री आणली. ढिगाशेजारी बांबू रोवून बांधली. एक टोक वाऱ्यानं उडत होतं. घमेल्यात दगड भरले आणि टोकाची दोरी त्याला बांधली.

बानूबाई भाकरीचं फडकं घेऊन सावलीत आली. "अप्पा, लई बेस केलंत. हे आदी का न्हाय सुचलं?"

"सुचलं व्हतं," मी म्हणालो. "तुमच्या अक्काला."