जाळ्यांसाठी खिडकीवाली शेड

"हे जाळं दर दुपारी हातभर माझ्या अंगावर सरकतं," जाळ्यांच्या ढिगाच्या पलीकडून मोरू मोठ्याने कुरकुरला. "एक दिवस मीच गावेन यात."

ढिगाच्या अलीकडे निर्मला पडली होती. तिने ऐकलं. जाळ्यापलीकडे उत्तर पोचवायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि ओरडली असती तर आतल्या खोलीत मुलानं आणि सुनेनं ऐकलं असतं.

दिपेशचं पूर्वीशी लग्न झालं तशी आतली खोली नव्या जोडप्याला गेली. रीतच ती. मोरू आणि निर्मला पडवीत आले. पण पडवीत आधीपासून जाळी, दोर आणि सुक्या बोंबलांची पोती नांदत होती, आणि त्यांनी काही कुणासाठी जागा सोडली नाही. पडवीला दार नव्हतं. मिरच्या मागायला शेजारीण आत, बोंबील पळवायला मांजर आत. नवऱ्याशी दोन शब्द एकांतात बोलायचे तर निर्मलाला त्याच्याबरोबर समुद्रातच जावं लागलं असतं.

तिला एक खोली हवी होती. तिला आणि मोरूला. एवढंच. पण सून घरात आलेल्या बाईने हे कुठल्या तोंडाने बोलावं? म्हणून ती म्हणाली, जाळी खराब होतात, त्यांना एक शेड आणू. तलासरीच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन जाताना हायवेवर तिला दुकान दिसायचं. तिथं शेडचे तयार भाग मिळायचे, घरी आणून नटबोल्टने जोडायचे. सगळे लगेच हो म्हणाले. त्या घरात इतकं एकमत कालवणात मीठ किती यावरही कधी झालं नव्हतं.

दिपेशच्या मासळीच्या टेम्पोतून चौघं तलासरीला पोचली. दुकानदार नयनभाई नाकाला रुमाल लावता लावता थांबला आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून हसला. अंगणात तीन शेड उभ्या होत्या. त्याने पहिलीच दाखवली. चारी बाजूंनी बंद, वारा शिरणार नाही, उंदीर शिरणार नाही.

"खिडकी?" निर्मलाने विचारलं.

सामानाला खिडकी कशाला, असं त्याचं म्हणणं पडलं. निर्मलाने त्याला समजावलं की जाळ्यांना वारा लागतो. दिपेश म्हणाला, पंख्याचा हूकही लागेल, उन्हाळ्यात जाळी फार तापतात. पूर्वीने भिंतीचा रंग जरा फिका मिळेल का ते विचारलं, आणि ओढणी तोंडात कोंबून टेम्पोमागे गेली. तिच्या हसण्याने टेम्पो हलताना दिसला.

तिसऱ्या शेडला खिडकी होती. नयनभाई फूट सांगू लागला, पण मोरूचा फुटांवर विश्वास नव्हता. त्याने दोन्ही हात पसरले, होडीवर दोर मोजतात तसे, आणि एक वाव, दीड वाव करत भिंत मोजली. लांबी मोजायला मात्र तो सरळ जमिनीवर आडवा झाला. पाय ताणले. ऐसपैस मावला. मग उठून दुसऱ्या भिंतीकडे गेला आणि तिथेही आडवा झाला.

"काका, जाळी केवढी आहेत?" नयनभाईने विचारलं.

"दोन आहेत," मोरू पडल्यापडल्या म्हणाला. "एक जरा घोरतं."

दिपेश एकदम खिडकीची काच तपासू लागला. निर्मलाच्या पोटात हसू असं उसळलं की तिला दाराच्या चौकटीला धरावं लागलं. लाज वाटत होती आणि नाचावंसंही वाटत होतं. हसू दाबायला काहीतरी बोलायला हवं, म्हणून समोर दिसलं ते तिने बोलून टाकलं.

"कडी बाहेरून आहे. ही आतून लावून मिळेल का?"

टेम्पो हलायचा थांबला.

नयनभाईने कडीकडे पाहिलं, मग निर्मलाकडे. "मावशी, जाळी आतून कडी लावणार?"

 निर्मलाचे कान तापले. नको ती शेड, पडवी काय वाईट आहे, असं ती म्हणणारच होती. शब्द ओठांवर आले होते. मोरू जमिनीवरून उठला. पँटची धूळ झटकली. लग्नातल्या उखाण्यानंतर या माणसाने बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. बोलवायचं तर 'दिपेशची आई', नाहीतर नुसतंच 'ऐकलंस का'. तो दारात तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"जाळी पडवीतच राहतील, नयनभाई," तो म्हणाला. "इथे मी राहणार. मी आणि निर्मला."