एकाच माशाचे तीन मध्य

वर्गात सगळे तिला टकळी म्हणायचे. आधी तिला राग यायचा. पण विज्ञानाच्या बाईंनी सगळ्यांसमोर फळ्यापाशी बोलावून "हिच्यासारखं बिनधास्त बोलायला शिका" म्हटलं आणि टकळीची गाडी जी सुसाट सुटली, ती थेट बाबांच्या कारखान्यात येऊन थडकली.

कारखाना म्हणजे घराच्या मागची मोठी खोली. तिथे बाबा लाकडाच्या आणि प्लायवूडच्या शोभेच्या वस्तू करायचे: दुकानांवर टांगायचे बूट, चष्मे, किटल्या. सध्या टेबलावर एक लांबलचक निळा मासा आडवा पडला होता. लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरबाईंना तो दवाखान्याच्या छताला हवा होता, एकाच दोरीवर, अगदी सपाट, पाण्यात पोहतोय असा.

"एकच दोरी, म्हणजे पाठीवर एकच भोक," बाबा म्हणाले. "चुकलं तर मासा नाकावर तरी आपटेल नाहीतर शेपटीवर तरी. आणि दुसरं भोक पाडलं की रंगाची वाट लागणार."

"मी शोधते जागा! आम्हाला शिकवलंय!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माशाकडे पाहिलं. माशाबद्दल त्यांना जास्त काळजी वाटत असावी. "ठीक. जमलं तर यापुढे टांगायच्या प्रत्येक वस्तूचं भोक तुझं. नाही जमलं तर पुन्हा झाडू."

लाकडाचा भुसा झाडून झाडून टकळीच्या नाकात कायमचा गेला होता. तिला ड्रिल हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

तिने मासा तिकोनी पट्टीच्या धारेवर आडवा ठेवला आणि पुढेमागे सरकवत राहिली. एका जागी तो डुगडुगायचा थांबला. तिथे तिने लाल खडूने खूण केली. पण मग तिला आठवलं, की बाईंनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. वस्तुमान केंद्र आणि गुरुत्वमध्य. "दोन्ही वेगळे आहेत, परीक्षेत फरक विचारणार," असं दोनदा बजावलं होतं. मग ही लाल खूण कोणाची? आणि दुसरा कुठे आहे?

दुसरी रीतही तिला येत होती. आधी मासा शेपटीला बांधून टांगला, ओळंबा सोडला, दोरीच्या रेषेवर खडू फिरवला. मग तोंडाला बांधून टांगला आणि पुन्हा रेघ मारली. जिथे दोन्ही रेघा एकमेकींना छेदल्या, तिथून सरळ वर पाठीवर निळी खूण.

निळी खूण लालपासून चांगली चार बोटं लांब!

"सापडले! दोघंही सापडले!" टकळी नाचलीच. "लाल म्हणजे वस्तुमान केंद्र, निळं म्हणजे गुरुत्वमध्य! बाबा, भोक कुठे पाडू?"

बाबांनी मासा दोन्ही हातांनी उचलून तोलला. "मला तर इथे लागतंय," असं म्हणून त्यांनी तिसरीच खूण केली, पेन्सिलीने. मग त्यांनी पुन्हा उचलला, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "की इथे?"

एवढ्यात दादा डोकावला. दादा कॉलेजात जायचा, त्यामुळे त्याला सगळं येतं असं निदान त्याला तरी वाटायचं.

"अगं येडे, दोन्ही एकाच जागी असतात."

"मग बाई वेगवेगळे का म्हणाल्या?"

"अर्थ वेगळा, जागा एक. आता बघ, माझी आई आणि बाबांची बायको. अर्थ वेगळा की नाही? पण माझी आई स्वयंपाकघरात आणि बाबांची बायको गच्चीवर, असं कधी झालंय?"

"माझं नाव कशाला मध्ये घेतोस रे?" आतून आई ओरडली.

"पण मग फरक पडतो तरी कधी?" टकळीने विचारलं.

"मासा डोंगराएवढा असता तर. खालच्या भागाला पृथ्वी जरा जास्त ओढते, वरच्याला जरा कमी. मग दोघं किंचित लांब गेले असते. हा मासा धड पलंगाएवढा पण नाही."

"मग या तीन खुणा का आल्या?"

दादाने खुणांकडे पाहिलं. "तू मोजायला चुकलीस."

चुकलीस म्हटल्यावर टकळी कसली ऐकतेय! तिने मासा पुन्हा पट्टीवर ठेवला, लाल खुणेवरच. मासा शेपटीकडे धाडकन कलंडला. तिने पुन्हा सरकवून तोल साधला, तर नवी लाल खूण जुनीपासून आणखी भलतीकडे. पद्धत तीच, पट्टी तीच, मुलगीसुद्धा तीच. तिचं डोकं गरगरायला लागलं. वस्तुमान केंद्र म्हणजे काय मुंगी आहे, चालत जायला?

ती माशाच्या पोटावर कान ठेवून बसली. काहीच नाही. मग तिने माशाची शेपटी वर केली, अगदी उभीच केली, आणि आत काहीतरी हळूच, मऊ घसरलं. सर्रर्र.

"बाबा! याच्या पोटात काहीतरी आहे!"

"असणारच," बाबा म्हणाले.

कारण या घराची एक रीत होती. पोकळ वस्तू रिकाम्या पोटी बाहेर पाठवायची नाही. शेवटची फळी चिकटवण्याआधी प्रत्येकाने गुपचूप आत काहीतरी टाकायचं आणि काय टाकलं ते कधीच सांगायचं नाही. टकळीने स्वतः एक बटण टाकलं होतं. पण बटण असं सर्रर्र जात नाही.

"कोणी काय टाकलं?"

"सांगायचं नसतं," बाबा आणि दादा एका सुरात म्हणाले.

"माझ्या भोकाचा प्रश्न आहे!"

स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज बंद झाला. आई पदराला हात पुसत दारात आली. "ते जुनं पितळी कुलूप. किल्ली हरवलेलं. फेकवेना. खडखडायला नको म्हणून मोज्यात घालून टाकलं."

"एवढं मोठं कुलूप?" बाबा मटकन स्टुलावर बसले. मासा पोट फाडून उघडायचा, तर रंग, सांधे, सगळंच गेलं.

टकळी मात्र बसली नाही. ती पुटपुटत माशाभोवती फेऱ्या मारू लागली. मासा टांगला की कुलूप खाली घसरतं. थोडा कलला तर मोज्यातलं कुलूप जागचं हलत नाही. म्हणजे केंद्र वेडं नव्हतं, कुलूप फिरत होतं आणि केंद्र त्याच्यामागे. पण कोणतं केंद्र? दोन्ही? हातात हात घालून? तिला नीटसं कळेना. पण एक कळलं.

"कुलूप शेपटीत बसवायचं आणि तिथून हलू द्यायचं नाही!"

तिने मासा नाक वर करून उभा धरला, सर्रर्र झालं, मग अगदी जपून आडवा केला, पट्टीवर तोल साधला, खूण केली. बाकीच्या सगळ्या खुणा पुसल्या. बाबांनी ड्रिल तिच्या हातात दिलं आणि स्वतः डोळे मिटून घेतले. घर्रर्र. भोक पडलं.

खरी धमाल रस्त्यात आली. चौघं मासा आडवा धरून पायी निघाली, आणि टकळी ओरडत होती, "सपाट! सपाट! दादा, तुझ्या बाजूने खाली जातंय!" लोक वळून बघत होते. दवाखाना निघाला वरच्या मजल्यावर. दादा शेपटी धरून तरातरा जिना चढायला लागला.

"थांब! नाक आधी! शेपटी वर गेली तर कुलूप नाकात येईल!"

"आता वळायचं? इथे?"

"वळ म्हटलं ना!"

जिन्याखाली अख्खा मासा फिरवावा लागला. एक काका भिंतीला चिकटून उभे राहिले, आई त्यांना "माफ करा हं" म्हणत राहिली, आणि मग नाक पुढे, शेपटी खाली, अशी वरात वर पोचली. बाबांनी हूक अडकवला आणि हात सोडला.

मासा एकदा हलला. मग थांबला. सपाट.

बाबांनी ड्रिलची पिशवी टकळीच्या खांद्याला अडकवली.

डॉक्टरबाई मान वर करून बघत राहिल्या. "किती अचूक! अगदी मधोमध भोक पाडलंय."

"मधोमध नाहीये ते," टकळी म्हणाली.

"मग कुठे आहे?"

"ते... गुरुत्वमध्यावर. म्हणजे वस्तुमान केंद्रावर. म्हणजे दोन्हींच्या वर, कारण ते एकच आहेत, पण वेगळे आहेत." दादा खदखदा हसत होता आणि आई छताकडे बघत होती. टकळीने एक मोठा श्वास घेतला. "ते मी आमच्या बाईंना विचारून सांगते. तुम्ही फक्त याला कधी नाकावर उभं करू नका."