दोन थापा

कवळ्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला किळस येऊन भागत नाही. परक्या तोंडांतून आलेल्या, जुने घास अडकलेल्या कवळ्या धाकटी दिवसभर हाताळायची, आणि हात धुऊन निवांत डबा खायची. त्यामुळे भावोजींच्या क्लासातला घामट वास तिला कधी खुपला नाही.

भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. टायरच्या दुकानावरचा मजला घेऊन त्यांनी ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरची कुस्ती, शिकवायला सुरुवात केली, तेव्हा घरचीच माणसं आली नाहीत तर बाहेरची कशी येतील, असं म्हणत थोरलीने धाकटीला पिटाळलं होतं. धाकटी गेली नाइलाजाने आणि रमली मनापासून. तिला सगळ्यात आवडायचं ते पाठ घेणं. समोरच्याच्या मागे चिकटायचं, दोन्ही टाचा त्याच्या मांड्यांच्या आत अडकवायच्या, एक हात खांद्यावरून, एक काखेतून घालून पुढे हातांचं कुलूप लावायचं. मग घाई न करता हनुवटीखालून हात सरकवायचा आणि मानेच्या दोन्ही बाजू आवळायच्या. त्यात ताकदीपेक्षा सबुरी लागे, आणि ती धाकटीकडे मुबलक होती.

या खेळात नियम एकच, पण देवाच्या शपथेइतका पक्का. समोरच्याने थाप मारली की सोडायचं, तत्क्षणी. अंगावर मारो की जमिनीवर.

भावोजी लगेच सोडत नसत. थोडं जास्त धरलं की धडा डोक्यात बसतो, असं ते सांगायचे. त्यांचे जुने चेले हसून मान डोलवायचे. प्रत्येकाच्या मानेने तो धडा घेतलेला होता.

मग एके दिवशी शिंपीकाका आले. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं; डॉक्टरांनी हालचाल करा म्हणून बजावलेलं. पहिल्याच आठवड्यात भावोजींनी डाव दाखवायला त्यांनाच पुढे बसवलं आणि त्यांची पाठ घेतली. काकांनी थाप मारली. पुन्हा मारली. मग तळहात मॅटवर नुसता फडफडला आणि थांबला. भावोजींनी सोडलं तेव्हा काका पोत्यासारखे कलंडले, आणि त्यांच्या विजारीखालून ओल पसरत गेली.

"अरे, कुणीतरी झबलं-लंगोट आणा याला," भावोजी म्हणाले आणि खदाखदा हसले. ते हसले म्हणून बाकीचेही हसले.

धाकटीने काकांचे पाय वर उचलून धरले. ते शुद्धीवर आल्यावर तिने पोछा आणला. आपण कुठे आहोत हे कळायला काकांना वेळ लागला. मग त्यांची नजर ओल्या मॅटवर गेली. "माफ करा हं ताई, तुम्हाला घाण काढावी लागली," ते हळूच म्हणाले. धाकटीला पहिल्यांदाच किळस आली. मुताची नव्हे. माफी या माणसाने मागावी, आणि तो दुसरा खुशाल पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा असावा, याची.

पुढच्या वर्गाला काका आले नाहीत. धाकटीने भावोजींना आपल्याशी खेळायला बोलावलं. ते कौतुकाने आले, जसं कुणी लहान मुलीला घोडा-घोडा करायला येतं. बऱ्याच झटापटीनंतर ते उठू पाहत असताना त्यांनी पाठ दिली, आणि तिने ती सोडली नाही. ते हनुवटी छातीशी दाबून बसले. ती थांबली. त्यांनी श्वासासाठी मान जराशी वर केली, तसा तिचा हात हनुवटीखाली सरकला.

तिच्या पोटरीवर थाप पडली. अगदी हलकी, चोरटी, भिंतीकडच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी. तिने लगेच सोडलं. तेवढ्यात भावोजी गर्रकन वळून तिच्या उरावर बसले आणि सगळ्यांना म्हणाले, "बघितलं? पकड ढिली पडली की असं होतं."

त्यांच्या घामाचे थेंब तिच्या ओठांवर पडत होते. तिने तोंड पुसलं.

"भावोजी, तुम्ही एका दमात दोन थापा मारल्यात. एक माझ्या पायावर, आणि एक यांना."

कुणी हसलं नाही. भावोजींचे कान लाल झाले. भास झाला असेल तुला, पुन्हा ये, असं म्हणत ते स्वतःच पाठ देऊन बसले.

या वेळी तिने आवळलं आणि थापेची वाट पाहिली. मोकळा हात तिने नजरेत ठेवला होता. तो हलला नाही. चारचौघांत थाप मारण्यापेक्षा त्यांना शुद्ध हरपणं परवडलं. अंग सैल पडल्याचं जाणवताच तिने सोडलं. ते घोरले, आणि त्यांची लाळ तिच्या बाहीवर कोमट उतरली. आता तरी बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलं ते एवढंच, की आपण नासलेल्या कशाला तरी मिठी मारून बसलो आहोत. त्यांचेही पाय तिने उचलून धरले, ते डोळे उघडेपर्यंत. मग चपला घालून निघाली.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. आपण थाप मारूनही धाकटीने सोडलं नाही, असं भावोजींनी घरी सांगितलं होतं. धाकटीने घडलं ते सगळं सांगितलं, शिंपीकाकांपासून. थोरलीने ते शेवटपर्यंत ऐकलं. नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला.

त्या रविवारी आईकडे सगळे जेवायला जमले. भावोजी बोटं चाटत, कुणाला कसं लोळवलं ते रंगवून सांगत होते. त्यांच्या तोंडाकडे बघून धाकटीने हातातला घास परत ताटात ठेवला. दुसऱ्यांच्या कवळ्या हाताळून डबा खाणारी बाई ती, पण उठली, ताट उचललं आणि स्वयंपाकघरात ओट्याशी जाऊन उभ्याने जेवू लागली.

थोड्या वेळाने थोरली आली. तिच्याही हातात तिचं ताट होतं. बाहेरून भावोजींनी वाढायला हाक मारली. थोरलीने पायाने दार लोटून घेतलं, आणि बहिणीला जरा सरकायला सांगितलं.