नदीच्या वाटणीची ओटी

दीपमालाने स्कूटरवरच्या माणसाच्या हातातली पिशवी हसत हसत काढून घेतली, आतले सुकलेले हार पुलावरच्या निर्माल्य-कलशात रिकामे केले आणि पिशवी झटकून त्याला परत दिली. तो बिचारा काही बोलायच्या आत मायाताईंनी मोबाइल वर धरला होता. नदी तुमची आभारी आहे, असं त्या म्हणाल्या आणि त्याचा खजील चेहरा व्हिडिओत पकडून मोकळ्या झाल्या. सांगलीच्या आयर्विन पुलावर दर रविवारी सकाळी हा कार्यक्रम चाले. मायाताईंच्या नदीस्वच्छता मंडळाच्या बायका हिरवी जाकिटं घालून कठड्याशी उभ्या राहत आणि नदीत निर्माल्य टाकायला आलेल्यांना अडवत. काम चांगलंच होतं. फक्त दुसऱ्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगताना माणसाला जे सुख होतं, ते या मंडळींना जरा जास्तच होत असे.

त्यात दीपमालाचा हात धरणारं कोणी नव्हतं. कॉलेजात शिकवत असल्यामुळे बोलायची सवय होती, आवाज होता. स्थानिक वाहिनीवर ती म्हणाली होती, 'नदीत टाकणाऱ्याला नदी कळलेलीच नसते.' मायाताईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी त्याचा फलकच करून घेतला. तो आता कठड्याला बांधलेला होता, खाली दीपमालाच्या नावासकट.

आज पुलावर मंडळाच्या या दोघीच होत्या. बाकीच्या घाट झाडायला खाली गेल्या होत्या. पुलाच्या शहराकडच्या तोंडाशी एक जीप थांबली, तिच्यातून इरकली लुगड्यातल्या बायका उतरल्या आणि कठड्याला धरून धरून पाण्याकडे बघत येऊ लागल्या.

"जतकडच्या दिसतात," मायाताई म्हणाल्या. "यांना पाणी दिसलं की भानच राहत नाही. आता बघ, काय काय टाकतील."

दीपमाला हसली. हसून झाल्यावर तिने वळून पाहिलं. सगळ्यांच्या पुढे, डावा हात कमरेवर ठेवून, तिची आई, हरणाबाई, चालत येत होती.

दीपमाला दुष्काळी जत तालुक्यातली, अगदी कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावची. आईला ती आव्वा म्हणायची. ही गोष्ट तिने कधी लपवली नव्हती, असं ती स्वतःला सांगत आली होती. कोणी विचारलं की आम्ही कोरेगावचे, असं ती म्हणे, आणि ते सासरच्या हिशेबाने खरंच होतं. पुढे कोणी खोदून विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात आव्वाचा फोन आला होता. उपसा योजनेचं पाणी अखेर पाइपातून गावच्या तलावात पडलं होतं. कृष्णेचं पाणी. गावच्या बायकांनी ठरवलं होतं की सांगलीला जाऊन कृष्णामाईची ओटी भरायची. त्यावर दीपमालाने तिला सुनावलं होतं की नदीत आता काही टाकायचं नसतं, आणि रविवारी मी कामात असते. कसलं काम ते तिने सांगितलं नव्हतं. आव्वा म्हणाली होती, बरं, मग घराकडं नाही येत, तुझी धावपळ नको.

आता ती समोर होती. हातात स्टीलचं ताट, ताटावर हिरवा खण, खणाखालून नारळाची शेंडी दिसत होती. तिची नजर अजून पाण्यावर होती. दीपमालाला वाटलं, पुढे व्हावं, ताट हातात घ्यावं, मायाताईंना सांगावं. पण आत्ताच आपण हसलो होतो. त्या हसण्याचं काय करायचं, हे तिला सुचेना. मायाताईंचा मोबाइल वर झाला होता आणि त्या तिला कोपराने पुढे ढकलत होत्या.

"मावशी," दीपमाला म्हणाली, "नदीत काही टाकू नका."

हरणाबाईने मान वळवली. लेकीला पाहून तिचा चेहरा आधी फुलला, अगदी ओठ उघडेपर्यंत. मग तिने हिरवं जाकीट पाहिलं, शेजारची बाई पाहिली, तिच्या हातातला मोबाइल पाहिला. मावशी हा शब्द तिच्यापर्यंत जरा उशिराच पोचला असावा. पोचला तेव्हा तिने ओठ मिटले आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

मागून रंगूबाई, घराशेजारची, पुढे घुसली. "आगं, ही तर आपली—"

"रंगू, गप ऱ्हा," हरणाबाई म्हणाली. "ताई काय म्हणत्यात ते ऐकू दे."

दीपमालाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तोंडपाठ असलेली वाक्यं तिच्या तोंडातून आपोआप बाहेर पडू लागली: कपडा पाण्यात कुजत नाही, नारळ बंधाऱ्याला अडकतात, आईला आपण कचरा देतो का. बोलताना ती आव्वाच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत होती, डोळ्यांकडे नाही. हरणाबाई मात्र एखाद्या परक्या शिकलेल्या बाईचं ऐकावं तशी मान हलवत ऐकत होती.

मायाताईंनी कलशाकडे बोट दाखवलं. त्यात ठेवा मावशी, भाव पोचला की झालं, असं त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. हरणाबाईने कलशात डोकावून पाहिलं. आत सडलेले हार होते, अगरबत्तीचे पुडे होते, देवाच्या तसबिरीची फुटकी काच होती.

"ह्यात न्हाई जमायचं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कृष्णामाई आमच्या गावाला आली. पैल्यांदाच आली. दारात आलेल्या लेकीला रिकाम्या वटीनं कसं लावून द्यायचं? ती पाइपातनं आली, तिथं कुठं गाठायची तिला? म्हणून हितवर आलो. गावानं माझ्या हातात दिलंय हे. तसंच माघारी नेऊन काय सांगू?"

मायाताईंनी दीपमालाकडे पाहिलं. दीपमाला कठड्याकडे पाहत होती.

"मग असं करू," हरणाबाई म्हणाली. "तिच्या वाटणीची तुमी घ्या. तुमी हिच्या काठाच्या. तिला पोचल्यासारखंच हाय. पदर करा ताई."

दीपमालाने जाकिटाखालून ओढणी ओढून काढली आणि दोन्ही हातांनी पसरली. हरणाबाईने तिला हळद लावली, कुंकू लावलं. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि मग ओंजळी भरभरून ज्वारी. तांदूळ त्यांच्याकडे पिकत नाहीत. रानात जे पिकतं तेच ओटीत घालायची त्यांच्या घरची रीत होती. ज्वारीचा वास दीपमालाच्या ओळखीचा होता.

ओटी भरून झाली. माहेरची ओटी घेतली की लेक त्यातलं चिमूटभर धान्य परत देते, माहेराची कणगी भरलेली राहावी म्हणून. दीपमालाच्या डोक्यात तसं काही नव्हतं. हाताने ते परस्पर केलं. चिमूटभर ज्वारी तिने उचलली आणि आव्वाच्या पदरात टाकली. हरणाबाईने ते दाणे मुठीत धरले. पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. दीपमाला पाया पडायला वाकली, पण ती पुरती वाकायच्या आत हरणाबाईने तिला दंडाला धरून वर केलं.

"असू द्या ताई," ती हळूच म्हणाली. "लोक बघत्यात."

मग ती वळली, रंगूबाईचा हात धरला आणि आल्या वाटेने चालू लागली. बाकीच्या बायका तिच्या मागून गेल्या. त्यातल्या एकीनेही वळून पाहिलं नाही. पुलावरची माणसं फिरायला आली होती, फिरत होती. आव्वा म्हणून एक हाक मारली असती तर ती पुलाच्या मध्यावर सहज पोचली असती. दीपमालाने तोंडही उघडलं. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तोवर ते उघडंच होतं.

मायाताई व्हिडिओ पुन्हा लावून पाहत होत्या. किती समजूतदार बाई, असं त्या मनापासून म्हणाल्या. हा टाकला तर लोकांना तोडगाच मिळेल. मग त्यांनी विचारलं, तुझ्या ओळखीच्या होत्या का गं? दीपमाला नाही म्हणाली. तेवढं म्हणायला तिला काहीच जड गेलं नाही, आणि त्याचीच तिला अतोनात लाज वाटली. व्हिडिओ मात्र टाकू नका, असं तिने मायाताईंना विनवलं. कारण काही तिला देता आलं नाही.

दिवसभर ओटी तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होती. नवऱ्याने विचारलं तेव्हा ती मंडळाची म्हणाली. संध्याकाळी तिने गावाकडे फोन लावला. काय बोलायचं ते चार वेळा ठरवून झालं होतं. फोन वडिलांनी, आकारामांनी उचलला. आव्वा म्हशीकडं गेलीया, येईल एवढ्यात, असं ते म्हणाले आणि स्वतःच खुशीत बोलू लागले. बायका जाऊन आल्या, काम झालं, गावात सगळे समाधानी होते.

"तुझ्याकडं येनार हुती ती," ते म्हणाले. "पर तू कामात, गाठ पडली न्हाई म्हणाली."

"रंगूमावशी काय म्हणाल्या?" दीपमालाने विचारलं.

"ती? आल्यापास्नं तोंड मिटून बसलीया. गाडी लागली असंल."

दीपमालाने भिंतीला हात टेकला. पलीकडे आकाराम थोडं खाकरले.

"तुझ्या आव्वाला पुलावर एक बाई गावली म्हणं," ते सांगू लागले. "तुझ्याच वयाची. पाण्यात टाकू दिलं न्हाई, पर भर पुलावर पदर पसरून वटी घेतली. लय गुणाची पोर हाय म्हणाली. आल्यापास्नं तिचंच चाललंय. तू जातीस का गं कवा त्या पुलाकडं?"

"जाते की, आप्पा."

"मग दिसली तर सांग तिला. म्हणावं, माझ्या आईनं तुझी आठवण काढलीया."

"सांगते," दीपमाला म्हणाली.