मधला फ्लेक्स

राणीने मंगळसूत्र काढून धम्मानंदच्या तळहातावर ठेवलं, मग जोडवी, मग केसांतल्या पिना. एमआरआयच्या मशीनपाशी धातू चालत नाही, असं सिस्टरने दोनदा बजावलं होतं. डाव्या डोळ्यावर पदर दाबून ती आत गेली. हिंगोलीतल्या त्या सेंटरच्या बाकावर धम्मानंद मूठ आवळून बसला. बायकोच्या डोळ्याची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्याला आतून जाळत होतं ते वेगळंच.

नवरा-बायकोचं आखाडा बाळापुरात शिलाईचं दुकान. ओट्यावर समोरासमोर दोन मशीनी, आणि राणीच्या डाव्या हाताला प्रेमदासचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. महिनाभरापासून हिची मान तिकडेच. बोलायचं नवऱ्याशी आणि तोंड प्रेमदासकडे! धम्मानंदचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यात प्रेमदास गोरा, हसरा, आणि त्याचे ते घट्ट शर्ट मेले या नवरा-बायकोनीच शिवलेले! शेवटी पंधरा दिवसांपूर्वी त्याने दोन ओट्यांच्या मधे एक जुना फ्लेक्स बांधून टाकला. घे, बघ आता काय बघायचं ते. तर ही बया त्या फ्लेक्सकडेच तोंड करून बसायला लागली. एवढी ओढ?

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली.

"डाव्या डोळ्याच्या मागे सूज आहे. दुसरं भयंकर काही दिसत नाही. त्या सुजेनं डोळा दुखतो आणि बाहेरच्या बाजूला फिरत नाही. सरळ बघितलं की यांना एकाचे दोन दिसतात. मान डावीकडे वळवली की एकच दिसतं. गोळ्यांनी उतरेल."

"म्हंजे मान डावीकडं," धम्मानंदने अडखळत विचारलं, "अन् बघते समोरचं?"

"समोरचंच."

बाहेर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "काय दोन दिसत व्हतं तुला?"

"तुमी."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी धड बोलून राहिले व्हते का माझ्यासंगं?"

पाचव्या दिवशी दुखणं बरंच उतरलं. राणी मशीनवर बसली, मान सरळ. धम्मानंदला जिवावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि फ्लेक्सची दोरी सोडायला घेतली.

"आवो, राहू द्या की," राणी म्हणाली. "माझ्या डोळ्यावर ऊन येऊन राहिलं म्हणून बांधला ना तुमी? बोलत नव्हते, पण लक्ष व्हतं तुमचं. समद्या बायांला सांगितलं मी."

फ्लेक्सच्या पलीकडून प्रेमदास हसला.

"दादा, तुमच्यापायी आमाला रोज बोलणी बसून राहिली. बायको म्हणती, बायकोची काळजी कशी घ्यावी ते धम्मानंदभाऊकडून शिका जरा."

धम्मानंदने अर्धी सुटलेली दोरी पुन्हा घट्ट बांधली. तो खाली उतरला तेव्हा राणी सरळ त्याच्याकडेच बघत होती. त्याने मान फ्लेक्सकडे वळवली.