झेंड्याच्या आतलं धान

"काका, बाहेरचं धान काळंठिक्कर, अन् झेंड्याच्या आतलंच असं चकचकीत काहून?" देवश्रीनं विचारलं.

नीलकंठची छाती फुगली. "धुतलं ना बेटा! पाठीवर पंप घेऊन, दर हप्त्याले. तू रायपूरच्या बूढापाऱ्याहून येणार, आपल्या लेकीसारखी. पाहुणीले काय काळं धान दाखवू?"

देवश्री मटकन बांधावरच बसली.

आता काय सांगावं! रायपूर राजधानी झालं अन् सिलतऱ्याकडं लोखंडाचे कारखाने भराभर उठले. नीलकंठच्या गावावर रात्रंदिवस काळी बुकणी. वाळवण काळं, पाणी काळं, त्याच्या बायकोचा, कुसुमचा, खोकला हटेना. जमीन विकून जावं, तर घेते कोण? वरून शेजारच्या कारखान्याले दुसरी चिमणी पाहिजे होती. सुनावणी लागली, अन् साहेब म्हणाले, धुळीनं धान मरते याचा पुरावा आणा.

देवश्री कॉलेजात शेतीचं संशोधन करे. तिनं वावराच्या तुकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, निघाले ते चार तुकडे लाल झेंड्यांनी आखले. धूळ जात नाही त्या गावातही तसंच केलं. दोन्हीकडचं धान तोलायचं, बस. "रोजच्यासारखंच करा," असं बजावून गेली होती. पण नीलकंठ ऐकते का कोणाचं!

"काकू वरण चाखायले एक चमचा घेते," देवश्री म्हणाली. "त्याच चमच्यात वरून मीठ टाकलं, तर चुलीवरच्या गंजातल्या वरणाचं काय कळंल? हे चार तुकडे म्हणजे तुमचं अख्खं वावर होतं, काका."

नीलकंठचं तोंड उतरलं. "मंग बाहेरचं काप ना! ढीगभर काळं उभं आहे."

"आता कापलं तर मी काळं पाहून निवडलं, असं म्हणतीन ते. अन् त्यात खोटं काय? चिठ्ठी आधी टाकायची असते."

"कोणाले कळते, दीदी?" खोकत खोकत कुसुम बोलली. "आम्ही काय कारखान्याले सांगून राहिलो?"

"मले कळते ना, काकू."

पोट्टी मोठी हट्टी. सुनावणीत उभी राहिली अन् सरळ बोलली, यंदाचे आकडे बिघडले. दुसऱ्या चिमणीले मंजुरी मिळाली. घरी येऊन नीलकंठ भिंतीकडं तोंड करून पडला. कुसुमनं पंप उचलून माळ्यावर टाकला.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा झेंडे; खरा पुरावा हाती आला, तर साहेबांकडं पुन्हा दाद मागता येणार होती. आता दोन चिमण्या. धान निसवलं अन् लोंब्यांवर काळा थर चढला. नीलकंठच्या हाताले नुसती खाज सुटे.

"धुवू का, थोडंसंच?"

"हात लावाल तर याद राखा!" कुसुम ओरडली.

तो बांधावरच उभा राहिला. डोळ्यांदेखत लोंब्या पोचट होऊन राहिल्या होत्या, अन् इकडून पळायलेही जागा नव्हती. आजवर त्यानं गावच्या ठाकूरदेवाजवळ दर साली भरलं धान मागितलं होतं. आज डोळे पुसून त्यानं हात जोडले. "देवा, यंदा माझं धान हलकं भरू दे."