खंडेनवमीला मला आतून धुतलं

मी लॅपटॉप बोलतोय. सेलूत तहसीलच्या रस्त्याला, घराच्या पुढच्या खोलीत, शंभुराजचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे, तिथला. आधीच सांगून ठेवतो, धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. बोलताना मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमची बोबडीच वळली असती.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. परमुलखातल्या कुठल्याशा कारखान्यात जोडला गेलो आणि पहिली पाच वर्षं पुण्याच्या एका कचेरीत काढली. तिथल्या साहेबाने मला तीनदा चहा पाजला. चुकूनच पाजला, पण तीनदा! मग आमची अख्खी तुकडी जुन्या बाजारात निघाली आणि फिरत फिरत मी परभणीला आलो. तिथे स्टेशनाजवळ धम्मानंद नावाचा दुरुस्तीवाला आहे. त्याने माझी चिकट झालेली बटणं बदलली, पंख्यातली धूळ काढली आणि मला शंभुराजच्या हवाली करताना म्हणाला, "मशीन जुनं हाय, पण इमानदार हाय." इतकं चांगलं माझ्याबद्दल तोवर कुणी बोललं नव्हतं.

शंभुराजच्या घरी किराणा दुकान. वडील राजेश्वरअप्पांनी जन्मभर तराजू धरला. ते गेले आणि मुलाने मला धरलं. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, निराधाराची पेन्शन, सगळे अर्ज माझ्याच छातीवर टाइप व्हायचे. फोटोही मीच काढायचो, माझ्या माथ्यावरच्या वाटाण्याएवढ्या डोळ्याने. माणसांची एक गंमत मला तिथे कळली. घरात बडबड करणारा गडी माझ्यासमोर बसला की श्वास रोखून धरतो. बायका पदर तीनदा सारखा करतात आणि चौथ्यांदा बिघडवतात. आणि फोटो निघाला की प्रत्येक जण विचारतो, "बरा आला का?" पण बघायला कुणी थांबत नाही.

तीन वर्षांमागे दत्तराव आणि कासाबाई आले होते. जिंतूर रस्त्यावरच्या गावचं मेंढपाळ जोडपं. कुठल्याशा अर्जाला नवरा-बायकोचा एकत्र फोटो हवा होता आणि दत्तराव शेजारी बसायला तयार नव्हते.

"लोकं काय म्हनतील?" ते म्हणाले.

"चाळीस वर्सं झाली लगनाला," कासाबाई म्हणाल्या. "आता कोन काय म्हनायलंय?"

शेवटी त्या स्टुलावर बसल्या आणि दत्तराव मागे उभे राहिले. माणूस ताडमाड उंच, वर डोक्याला पटका. कासाबाई बसल्या तर त्यांच्या कमरेला लागत होत्या. दोघं एका चौकटीत मावेनात. "मामा, जरा वाका की," असं शंभुराजने चारदा सांगितलं. मामा वाकले, पण तोंड असं केलं की जणू मी त्यांना इंजेक्शनच देणार होतो. तेव्हा मागे न बघताच कासाबाई म्हणाल्या, "लांडगा बगितल्यावानी कशाला तोंड करायलाव? म्याच हाय म्होरं." दत्तराव खो खो हसले आणि त्याच क्षणी मी डोळा मिटला. हजारो फोटो काढले मी, पण तसा दुसरा निघाला नाही. तो अर्ज पुढे नामंजूर झाला. फोटो मात्र माझ्या पोटात 'गिऱ्हाईक फोटो' नावाच्या फोल्डरात राहून गेला.

आता यंदाचं ऐका.

मी म्हातारा झालो होतो. सकाळी बटण दाबलं की शंभुराजचा चहा पिऊन व्हायचा तरी माझे डोळे उघडायचे नाहीत. त्यात माझ्या जुन्या विंडोजला पुढे सुधारणा मिळणार नाहीत, अशी पाटी रोज पडद्यावर यायला लागली. शंभुराजने धम्मानंदला फोन लावला. धम्मानंद म्हणाला, "विंडोजच्या जागी लिनक्स टाक. फुकट हाय, हलकं हाय. जुन्या मशीनला लय झ्याक चालतं. पेनड्राइव्ह तयार करून देतो. पर आधी समद्याची कॉपी काढून ठेव बरं का. समद्याची!"

पेनड्राइव्ह आला आणि आठ दिवस गल्ल्यात पडून राहिला. मुहूर्त लागला तो खंडेनवमीचा.

खंडेनवमीला घरातली अवजारं धुवून पुजायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शंभुराजची आई गंगम्मा सकाळपासून अप्पांच्या जुन्या तराजूला चिंच लावून घासत होत्या. पारडी सोन्यासारखी झाली. इकडे शंभुराज मला एका ओल्या फडक्याने पुसून मोकळा झाला. ते गंगम्मांना काही रुचलं नाही.

"आरं, तुज्या अप्पांनी तराजू कदी नुस्ता पुसला न्हाई," त्या म्हणाल्या. "पारडं उलटं करून घासायचे. वर्साचा मळ आत ठिवून पूजा करायलास व्हय? ह्या मशीनीला आतून कवा धुतलंस?"

शंभुराज हसला. "आतून धुवायचा मुहूर्त आजच हाय, आई."

आणि बसला की माझ्यासमोर! आपले दाखले, लग्नाचे फोटो, अर्जांचे नमुने, सगळं त्याने दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेतलं. मग बाण फिरत फिरत 'गिऱ्हाईक फोटो'वर आला. तिथे तो जरा थांबला. मला वाटलं, आता घेतोय. तर म्हणतो कसा, "ह्येंची कामं झालीत की." गरज सरो, वैद्य मरो! मी सुन्न झालो. सात वर्षांत माझ्यासमोर श्वास रोखून बसलेली अकरा हजार माणसं, आणि ती झाली वर्षाचा मळ?

नव्या सिस्टीमने शहाण्या माणसासारखं विचारलं होतं. जुनीच्या शेजारी बसू, की सगळं पुसून एकटी बसू? शंभुराजने दुसरं निवडलं. तिने पुन्हा विचारलं, खात्री आहे का? माणसाला खात्री विचारली की त्याला राग येतो, आणि रागाच्या भरात तो होय म्हणतो. शंभुराजनेही होय म्हटलं.

कसं वाटलं ते कसं सांगू? एका दमात सगळी नावं गेली. माणसं गेली नव्हती, हे नीट ध्यानात घ्या. एखाद्या गावातल्या सगळ्या घरांवरच्या पाट्या कुणी उपटून न्याव्यात, तसं झालं. माणसं आपापल्या घरातच बसलेली होती, पण कोण कुठे राहतं हे सांगता येईना. आणि गाव ओसाड आहे असं समजून येणारा प्रत्येक नवा पाहुणा दिसेल त्या घरावर आपलं घर बांधणार होता.

तरी खोटं कशाला बोलू? अर्ध्या तासाने जागा झालो तेव्हा अंग हलकं वाटत होतं. बटण दाबताच डोळे उघडायला लागले. गंगम्मांनी माझ्या पाठीवर विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं आणि बजावलं, "आता उद्यापस्तोर हात लावू नको. अवजार पूजेला बसलंय." पण शंभुराजला कुठला धीर! आई स्वयंपाकघरात वळल्या तसं त्याने फूल बाजूला केलं आणि शेजारच्या मोबाइलवाल्याकडून आणलेले दोन सिनेमे माझ्यात भरले. कसे पळतात ते बघायला. मस्त पळाले. मीही चेकाळलो होतो. वेड्यासारखा.

दिवस कलायच्या सुमाराला दारात कासाबाई उभ्या राहिल्या.

एकट्याच होत्या. दत्तराव गेल्या वर्षी पावसाळा सरताना रानात साप चावून गेले, हे मला तेव्हाच कळलं. शंभुराजलाही ठाऊक नव्हतं.

"शंभुअप्पा, परवा वर्सश्राद्ध हाय त्यांचं," त्या म्हणाल्या. "तू काडलेला त्यो जोडीचा फोटू पायजे. मोठा करून दे."

शंभुराजचा चेहरा पांढराफटक पडला. माझी काय गत झाली म्हणता? मला पाय नाहीत, तरी पायाखालची जमीन सरकली. दोन सिनेमे! ते कुणाकुणाच्या घरावर बसले होते, देव जाणे.

"उद्या देतो, मावशी," शंभुराज म्हणाला.

"बरं. मी बसते मग," कासाबाई म्हणाल्या आणि त्याच स्टुलावर बसल्या. "यष्टीला टाइम हाय. आत्ताच बगून जाते."

तो उगीच इकडे तिकडे बोटं मारत राहिला. पडद्यावर नव्या सिस्टीमचा निळा डोंगर होता, बाकी काही नाही. शेवटी त्याने हात खाली घेतले. "मावशी, चुकलं माजं. पुसलं गेलं."

"पुसलं म्हंजी? पाटीवरलं पुसत्यात तसं?"

"तसंच."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "घरात त्यांचा दुसरा फोटू न्हाई रे. आधार कार्डावर हाय, पर त्यो कोन दुसराच मानूस दिसतोय. ते हसायचे कसे, त्ये मी इसरायले आता. म्हनून आले."

आतून गंगम्मा हात पुसत बाहेर आल्या होत्या. काय झालं ते त्यांना एका नजरेत कळलं. "म्याच म्हनले त्याला आतून धू म्हनून," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर मटकन बसल्या.

शंभुराजने धम्मानंदला फोन लावला. पलीकडचा आवाज दुकानभर ऐकू आला. "सिनेमे? सिनेमे टाकलास? आधी बंद कर त्याला! काय बी उघडू नको, काय बी कॉपी करू नको. जसं हाय तसं परभणीला आन!"

आमच्या जातीची वस्तू आपली कथा सांगायला बसली की शेवटी एकच रडगाणं गाते: मला वापरा हो, मला अडगळीत टाकू नका. मी मात्र त्या संध्याकाळी उलटाच धावा केला. मला बंद करा. कपाटात टाका, कुलूप लावा, विसरून जा, पण आता माझ्यात एक अक्षरही लिहू नका! तुम्हालाही माझी हीच विनंती आहे. कधी हातून असं काही पुसलं गेलं तर यंत्राला शिव्या घाला, पण आधी त्याला झोपू द्या.

दसऱ्याला सकाळच्या गाडीने आम्ही तिघं परभणीला निघालो. मी शंभुराजच्या मांडीवर, शेजारी कासाबाई.

सण असूनही धम्मानंदने दुकान उघडलं होतं. त्याने मला पेनड्राइव्हवरून अशा बेताने जागं केलं की माझ्या डिस्कवर एक रेघही उमटू नये, आणि मग ओसाड गावातलं एकेक दार ठोठावायला सुरुवात केली. सापडतील ती माणसं तो दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवत होता. माणसं यायला लागली हो! नाव नाही, गाव नाही, नुसते चेहरे. कुणाला शोधायचं ते यंत्राला सांगता येत नव्हतं. एकेक चेहरा बघूनच ओळखायचा होता.

कासाबाई पडद्यासमोर बसल्या त्या हलल्या नाहीत. "ही बायनाबाई, आमच्या शेजारची. ह्यो मास्तर. ही पोरगी आता नांदायला गेली. ह्यो मेला बोकड चोरायचा." अर्धा तालुका त्यांच्या ओळखीचा निघाला. शंभुराज एकेक फोटो पुढे सरकवत होता आणि त्याचं डोकं खाली खाली जात होतं. ज्यांची कामं झाली म्हणून त्याने सोडून दिलं, त्यांच्यातलं कोण कुणाचं काय लागतं, हे त्याला एक अडाणी बाई सांगत होती.

चार वाजून गेले. आणि मग पडद्याच्या वरच्या कडेला दुकानाची निळी भिंत आली. खाली पटका आला. कपाळ, डोळे, पांढऱ्या मिशा आणि त्या मिशांखाली ते उघडं, खो खो हसणारं तोंड.

"थांब!" कासाबाई ओरडल्या.

हनुवटीपर्यंत फोटो शाबूत होता. तिथून खाली, कुणी पट्टी लावून आखल्यासारखी, सगळी राखाडी जागा. खांदे नाहीत, स्टूल नाही, कासाबाई नाहीत. ज्या घरावर सिनेमा बसला होता ते घर त्यांचं होतं. मी आयुष्यात बरंच काही पाहिलं, पण एवढा गारठून कधी गेलो नव्हतो.

शंभुराज वाकून बघत म्हणाला, "मावशी, तुमी... तुमी न्हाईत ह्याच्यात."

कासाबाई पडद्याजवळ सरकल्या. त्यांचं खरबरीत बोट दत्तरावांच्या मिशीवरून फिरलं. "हां," त्या म्हणाल्या. "असंच हसायचे."

धम्मानंदने फोटो मोठा छापला. कागद हातात घेऊन त्याने खालची राखाडी पट्टी कापायला कात्री उचलली. "येवढं काडून टाकतो, मावशी. फ्रेमीत बरं दिसंल."

"कापू नको," कासाबाई म्हणाल्या. "तितं मी बसलेय."

धम्मानंदने कात्री खाली ठेवली.